वरून ओतलेलं पाणी

ब्रेडला हिरवी चटणी लावल्याचा वास आला की अजूनही मी तिथून निघून जातो. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, मी नव्या कचेरीत कारकून. दुपारी आम्ही समोरच्या गाड्यावर सँडविच खायचो. त्या वर्षी दुष्काळ पडलेला, पेले विसळायला पाणी नव्हतं, म्हणून गाडेवाला साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या ओंजळीत वरूनच धार सोडायचा. एकदा गावाकडून वडील आले, त्यांना मी मोठ्या हौसेनं तिथं नेलं. आमचं घर गावकुसाबाहेरचं. गावात पेल्याला हात लावायची मुभा नसल्यानं वडिलांचा जन्म असंच वरून पाणी पिण्यात गेलेला. माझ्या ओंजळीत धार पडताना पाहून त्यांनी सँडविच खाली ठेवलं आणि हळूच म्हणाले, "इथंबी वरूनच व्हय रं?" "आबा, सगळ्यालाच असं देतेत," एवढंच मला सांगायचं होतं. पण शेजारी कचेरीतले दोघं उभे होते; बोललो तर आपण कोण ते त्यांना कळेल, या भीतीनं मी म्हणालो, "चला, बस निघंल." आबा उपाशीच गेले, पुन्हा कधी लातूरला आले नाहीत. मीही तो विषय काढला नाही. आता आपण कोण हे सांगायला मला कुणाचीच भीती वाटत नाही, पण आबा नाहीत.