हनुवटीपाशी आलेला डबा

नववीच्या वर्गात छताच्या कडीला मी वाळूचा डबा दोरीने टांगला, हनुवटीपर्यंत ओढून धरला आणि सांगितलं, "सोडला की हा परत येईल, पण इथपर्यंतच. मला लागणार नाही." डबा झोका घेऊन अंगावर येऊ लागला आणि मी चटकन मागे सरकले. वर्ग खो खो हसला.

नेहमी गप्प बसणारी रेश्मा उठली. "बाई, मी उभी राहू?"

तिने डबा सोडला. तो तिच्या हनुवटीपासून बोटभर अंतरावरून मागे फिरला. ती जागची हलली नाही.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की! पण तुम्हीच सांगितलं होतं ना."

नियम फळ्यावर लिहिणं सोपं असतं, त्याच्यापुढे हनुवटी धरणं अवघड. मी पुन्हा उभी राहिले. या वेळी हलले नाही, डोळे मात्र गच्च मिटले होते.