वसंतमामांची चिंचोळी अक्षरं

वसंतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका जाहिरातीची अक्षरं लावत होते. महिना झाला त्याला. आज लिहायला बसलेय, तर रडू येण्याऐवजी मान ताठ होतेय...

मामांनी गिरगावातल्या छापखान्यात कंपोझिटर म्हणून आयुष्यभर छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले. तो बंद पडल्यावर पेणकरपाड्यात आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये आले, ते लाकडी इंग्रजी खिळ्यांची पेटी घेऊनच. उंच, चिंचोळी, जाडजूड अक्षरं, प्रत्येकाच्या पायाशी चौकोनी ठोकळा. "कमी जागेत मावतात आणि पाय रोवून उभी राहतात," असं मामा कौतुकाने सांगत. मला ती आडदांड वाटायची. आपली अक्षरं आता कुणालाच नकोत, हे मात्र मामांना फार लागलं होतं.

मग सोसायटीला नवी इंग्रजी पाटी हवी झाली. नाव लांबलचक, गेटचा खांब अरुंद. मी मोठ्या ऐटीत नेहमीची अक्षरं कॉम्प्युटरवर दाबून बसवली. मामांनी कागद हातात घेतला. "अगं, उभ्या रेघा सुकल्या बघ, आडव्या होत्या तेवढ्याच राहिल्या. दाबून नाही होत, अक्षर मुळात अरुंद घडवावं लागतं." आणि त्यांनी खिळ्यांचे ठसे घेऊन स्वतःची पाटी तयार केली.

सेक्रेटरी मेहताभाई हसले. "अंकल, ये पुराना टाइप कौन पढेगा?"

"आप ही पढो ना. रोड के उस पार से," मामा शांतपणे म्हणाले.

दोन्ही कागद खांबावर चिकटवून आम्ही तिघं रस्ता ओलांडून गेलो. माझी पाटी मलाच धड वाचता येईना. मामांची मेहताभाईंनी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत खणखणीत वाचली आणि हात जोडले, "हार गया, अंकल." आम्ही परत निघालो तरी मामा तिथेच उभे. "थांब गं, अजून एकदा वाचू दे..." इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधीच पाहिला नव्हता. पाटी चढली तेव्हा शिडी मेहताभाईंनीच धरली होती.

मामा गेल्यावर शोकसभेच्या सूचनेसाठी मेहताभाई माझ्याकडे आलेली मामांची पेटी घेऊन गेले. संध्याकाळी पाहिलं, तर नोटीस बोर्डावर मामांचं अख्खं नाव, वडिलांच्या नावासकट, एका ओळीत बसलेलं. ठसे थोडे वाकडे, शाई कुठे जास्त. खाली, कुणी न सांगता, मेहताभाईंनी आणखी एक शब्द जुळवला होता: कंपोझिटर. छापखाना बंद पडल्यापासून मामांना कुणी तसं म्हटलं नव्हतं.