संदर्भ क्रमांक एक

लग्नपत्रिका, अर्ज, बायोडेटा टाइप करणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात. रामनगरच्या बसस्टँडसमोर माझं आणि बायकोचं, मालूचं, डीटीपीचं दुकान आहे. आमचे निम्मे किस्से एकाच गिऱ्हाइकाचे!

दिग्गी गावची सुनंदा वेळीप. जंगलातल्या कंदांवर पीएचडी करणारी गावातली पहिलीच. रेंज मिळेल त्या टेकावर बसून तिने आख्खा प्रबंध मोबाइलवर लिहिला होता. त्या साध्या टेक्स्टची वर्ड फाइल करून शेवटची संदर्भसूची आम्ही लावायची होती.

"सूची चुकली म्हणून प्रबंध विद्यापीठातनं एकदा परत आलाय, दादा," ती म्हणाली. "आता आला तर मुदत संपली."

*

मी मजकूर पेस्ट केला आणि ऐटीत ऑटो नंबरिंग दाबलं. पण तिने आकडे आधीच हाताने घातले होते. प्रत्येक पुस्तकापुढे दोन-दोन नंबर आले.

मालू बघून म्हणाली, "सगळे जोडीनं बसलेत. जेवणावळ हाय व्हय?"

*

ते निस्तरलं, तोवर सुनंदाने मध्येच एक नवा संदर्भ घालायला सांगितला. सूचीतले आकडे सरकले, प्रकरणांतले जागच्या जागी राहिले. कंद कसा उकडावा, याला पुरावा म्हणून वाघांचा अहवाल लागला!

मग मालूने प्रकरणांतला एकेक आकडा सूचीशी बांधला. एक हलला की सगळे हलतात. हे काम तिचं ती शिकली, आणि मी ते अजून गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवतो.

*

तोच लेखक पुन्हा आला की नावाऐवजी रेघ मारायची, असा विद्यापीठाचा नियम होता. सुनंदाने गावातल्या जाणत्यांच्या मुलाखती घेतलेल्या, त्या सूचीत सगळ्यांत वर होत्या. मालूने पहिलं नाव ठेवलं आणि खाली रेघाच रेघा मारल्या.

"वहिनी, आख्खा गाव एका माणसात घातलास?"

"सगळी वेळीपच की. मला वाटलं माणूसबी एकच."

सुनंदाला हसू आलं नाही. "ह्यांनी सांगितलं म्हणून मी लिवलं. ह्यांची नावं गेली तर माझं काय ऱ्हायलं?"

सुनंदाला शेजारी बसवून मालूने एकेक नाव परत घातलं. पहिलं तेवढं जागेवर होतं, सुनंदाच्या बाबांचं, बाबलो वेळीप.

*

प्रबंध परत आला नाही. खुल्या तोंडी परीक्षेला आम्ही दुकान बंद करून गेलो. बाहेरून आलेले परीक्षक पानं चाळत म्हणाले, "सूची नीट लावलीय." मालूने मला कोपराने ढोसलं. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू!

मग त्यांनी चष्मा वर केला. "हा संदर्भ क्रमांक एक प्रत्येक प्रकरणात येतो. मला तपासायचा आहे. कुठं मिळेल?"

सुनंदाने मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावरून बाबलोकाका टोपी सारखी करत उभे राहिले.

"एक नंबर मीच, साहेब. बाकीचे दिग्गीत हायत."