चाळीस वह्यांमधली गंगा

ज्या शनिवारी मी बुऱ्हाणपुरातल्या शनवारा दरवाज्याजवळच्या आमच्या मराठी शाळेत संस्कृतचा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्याच दुपारी हेडमास्तर श्री. केशवराव निंबोळकर सहकाऱ्यांना स्वतःची फजिती सांगत बसले होते. सातवीला अपूर्णांक शिकवताना मुले हळूहळू गप्प होत गेली आणि चूक आपली होती हे तास संपल्यावर ध्यानात आले, असे ते सांगत होते. पाठशाळेत छडीखाली वाढलेल्या मला ते पाहून संकोच वाटला. हेडमास्तरांनी असे बोलावे काय?

केशवराव, म्हणजेच आम्हा सर्वांचे नाना, यांची ती रीतच होती. दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रत्येक शिक्षकाने त्या आठवड्यात फसलेला एक पाठ सांगायचा, आणि आरंभ नानांनी करायचा. कोणी कोणाला रागावत नसे. त्या बैठकीतूनच चित्रकलेचे भालेराव मास्तर मुलांना विणकरांच्या मागांपाशी नेऊ लागले आणि क्षेत्रफळाचे गणित केळीच्या बागेत शिकवले जाऊ लागले. पाठ करून लिहिलेल्या निबंधाचा मात्र नानांना मनस्वी तिटकारा होता. ते म्हणत, "पोराचं वाक्य मोडकं असू द्या, त्याचं असू द्या."

नानांचे उपकार माझ्यावर पुष्कळ आहेत. माझ्या मातुःश्री अंथरुणाला खिळल्या तेव्हा दीड महिना माझे सकाळचे तास त्यांनी घेतले आणि नंतर कधी त्याचा उच्चारही केला नाही. परंतु आज मला लिहायचे आहे ते याहून मोठ्या ऋणाविषयी. ते मी आजवर लपवले आहे.

राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही बुऱ्हाणपूरकर मध्य प्रदेशात राहिलो. कचेऱ्यांचा कारभार हिंदीत आला. शाळेतही हिंदीचे तास वाढले आणि सहावीचे हिंदी माझ्याकडे आले. बाजारात मी हिंदी बोलत असे. शिकवायची म्हटली की लिंग-वचनात चुकत असे. नोकरी जाईल ही भीती तर अहोरात्र होती. तशात तपासणीची तारीख आली.

मी एका हिंदी पुस्तकातला नदीवरचा निबंध फळ्यावर उतरवला आणि मुलांकडून घोकून घेतला. निबंध गंगेचा होता. त्यातला एक शब्द हलवण्याचे धैर्य मला झाले नाही. एका मुलीने विचारलेही, "गुरुजी, आपली तर तापी आहे ना?"

मी म्हणालो, "जसं आहे तसं लिही."

तापी ही सूर्यकन्या. तिच्या नुसत्या स्मरणाने पापे जातात, असे मी कीर्तनांतून सांगत आलो होतो. तिलाच मी चाळीस वह्यांमधून पुसून टाकले.

तपासनीस साहेबांनी विषय दिला, 'हमारे गाँव की नदी'. चाळीसही मुलांनी लिहिले की आमच्या घराच्या खिडकीतून गंगामाई दिसते. साहेबांनी वह्या टेबलावर आपटल्या. "यह किसने रटवाया?"

मी उभा राहिलो आणि फळ्याकडे पाहू लागलो. दाराशी उभे असलेले नाना पुढे आले. "मैंने कहा था. इन मास्टरजी ने सिर्फ मेरा हुक्म माना."

दुसऱ्याच दिवशी नानांनी तो वर्ग तापीच्या घाटावर नेला आणि दिसेल ते लिहा म्हणून सांगितले. तापीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचे वडील कापड रंगवीत. तिने लिहिले, 'मेरी नदी सुबह नीली होती है, बाबूजी कपड़ा धोते हैं तो लाल हो जाती है.' नानांनी ते वाक्य आम्हा सर्वांना दोनदा वाचून दाखवले.

त्या आठवड्यातही शनिवारची बैठक झाली. भालेरावांनी चेष्टा केली, "काय शास्त्रीबुवा, तुमच्या वर्गातून गंगा दिसते म्हणे! आमचा काशीचा खर्च वाचवला की हो!" सारे हसले. माझी पाळी आली. नानांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले. मी म्हणालो, "या आठवड्यात माझा पाठ फसला नाही."

महिन्याभरात हुकूम आला. नानांचे हेडमास्तरपद गेले. त्याच शाळेत ते साधे शिक्षक म्हणून तीन वर्षे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. नव्या हेडमास्तरांनी शनिवारची बैठक बंद केली. ज्यांनी घोकंपट्टीशी आयुष्यभर वैर केले, त्यांनीच घोकून घेतले, असे गावभर, बुधवाऱ्यापासून सिंधीपुऱ्यापर्यंत, बोलले गेले. अजूनही बोलले जाते. मी ऐकत राहिलो.

शास्त्रकारांनी दैवी गुण सांगताना पहिला मान अभयाला दिला आहे. तो भाग मी तीस वर्षे शिकवला. स्वतः निर्भय असणे एक. दुसऱ्याची भीती आपल्या अंगावर घेणे, हे मी एकाच गृहस्थात पाहिले.

प्रायश्चित्तात दोष चारचौघांत बोलून दाखवावा लागतो. म्हणून हा लेख छापायला देण्याआधी मी नानांकडे गेलो. हल्ली स्मृती त्यांना साथ देत नाही, हे आपण शाळेची सारी मंडळी जाणता. त्यांच्या चिरंजीवांच्या संमतीनेच हे लिहितो आहे. मी त्यांच्या पायांशी बसून सारे सांगितले. ते लहान मुलासारखे ऐकत होते. गंगा खिडकीतून दिसते म्हटल्यावर खळखळून हसले. मग एकाएकी गंभीर झाले.

"अन् तो मास्तर? लई घाबरला असेल बिचारा."

"हो नाना, फार घाबरला होता."

"त्याला कोणी रागावलं तर नाही ना?"

"नाही नाना. कोणीच नाही."

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि माझ्या हातावर हात ठेवून डोळे मिटून बसले. तो मास्तर मीच, हे त्यांना उमगले की नाही, मला ठाऊक नाही. पुन्हा सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

म्हणून आपणा सर्वांना सांगतो : तो निबंध मी घोकून घेतला. नानांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. ज्यांनी ज्यांनी माझ्यासमोर त्यांना दोष दिला, त्यांनी तो आता माझ्या नावावर मांडावा.

परमेश्वर नानांना शतायुषी करो. त्यांचे शरीर निरोगी राहो, रात्रीची झोप सुखाची असो. त्यांच्या स्मृतीतून आणखी काही जायचेच असेल, तर त्या तीन वर्षांचा अपमान सर्वांत आधी जावो. तो लक्षात ठेवायला मी आहे.