आधी ओळख, मग बॅग

माझा धाकटा भाऊ उंच इमारतींमध्ये लिफ्ट बसवतो. कंपनी आज या देशात पाठवते, उद्या त्या. कुठे चार महिने, कुठे वर्ष. त्याचं लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, हा बाहेर फिरेल आणि भावजय माझ्या शेजारी घर करून राहील. कसलं काय! बाईसाहेबांनी पहिल्याच खेपेला बॅग भरली आणि निघाल्या त्याच्याबरोबर. पुढे थोरली झाली, मग धाकटा झाला, दोनाच्या चार बॅगा झाल्या, पण निघणं काही थांबलं नाही.

भावजय दिसायला अगदी साधी, आवाज मात्र खणखणीत. परकी भाषा तिला एकही धड येत नाही. कुठेही गेली तरी ती सरळ मराठीत सुरुवात करते, हातवारे करते, हसते, आणि थोड्या वेळाने समोरचा माणूस तिला आपली गुडघेदुखी सांगत असतो. कसं, ते देव जाणे.

तिचा एक नियम आहे. नव्या घरी पोचलं की बॅगा भिंतीशी ठेवायच्या आणि आल्या पावली खाली उतरायचं. प्रत्येकाने रस्त्यावरची एकेक ओळख करून यायची. किराणावाला, झाडूवाली, कुत्रं फिरवणारे आजोबा, कुणीही चालेल. पण त्या माणसाने आपल्याला पुन्हा पाहिलं तर हात केला पाहिजे. ओळख झाली की मगच आपापली बॅग उघडायची. प्रवासाने आंबलेली पोरं, आणि ही बाई त्यांना जिना उतरवतेय! मी फोनवर ऐकून कपाळाला हात लावायचे.

"अगं, आधी आंघोळ तरी करू दे त्यांना."

"नको ताई. एकदा आंघोळ केली, पाय पसरले, की मग चार दिवस दाराबाहेर पडवत नाही."

बाकी त्यांचा दिवस चारचौघांसारखाच. सकाळी जेवणाच्या टेबलावर शाळा भरते. एका टोकाला अपूर्णांक, दुसऱ्या टोकाला वाटाणे सोलणं, आणि डोक्यावर दोरीला वाळत घातलेले मोजे. केस तीच कापते, त्यामुळे घरातली सगळी डोकी मागून सारखीच वाकडी. आणि घर सोडायच्या दिवशी ती भर रस्त्यात दुकानदारणीच्या गळ्यात पडून भोकाड पसरते. भाऊ बिचारा टॅक्सीत तोंड लपवून बसतो.

या खेपेला थोरलीने आईचा नियम आईवरच उलटवला.

आधीच्या गावात खालच्या मजल्यावरच्या मुलीशी तिची गट्टी जमली होती. दोघींनी खिडकीतून दोरीला टोपली सोडली होती. तिच्यातून चित्रं, खोडरबर, अर्धी खाल्लेली बिस्किटं वरखाली जायची. मग भावाची बदली झाली. देश तोच, भाषा तीच, पण गाव रेल्वेने दिवसभराच्या वाटेवर. नव्या घरी आल्यावर थोरली खाली उतरलीच नाही. "मला ओळख नको. केली की सोडावी लागते," म्हणाली. ओळख नाही, म्हणून बॅगही उघडली नाही. भावजय म्हणाली, "उघड गं, या वेळी माफ." तर ही म्हणे, "नियम म्हणजे नियम." महिना उलटला तरी बॅग तशीच, आणि दहा वर्षांची पोर बापाचे शर्ट बाह्या दुमडून घालतेय. आमच्या घराण्याचा हट्ट, दुसरं काय!

एका दुपारी तिचा मला फोन आला. "आत्या, मला तुझ्याकडे घेऊन जा. कायमची."

खरं सांगते, मला आनंद झाला. मी शाळेतून निवृत्त झालेली, घरात एकटी. भिंतीशी बोलायची सवय लागायला आली होती. पोरीसाठी खोली रंगवून घेतली, शाळेत तिच्या जागेचं बोलून आले, परतीची दोघींची तिकिटं काढली आणि विमानात बसले.

भाऊ कामावर गेलेला होता. भावजयीने दार उघडलं, घट्ट मिठी मारली, आणि माझी बॅग ओढत नेऊन भिंतीशी उभी केली.

"ताई, आधी ओळख."

"अगं, मी माहेरी आलेय की सासरी? पाय बघ कसे सुजलेत. निदान बॅगेतून गाऊन तरी काढू दे."

"सुजलेत तर सावकाश जा. थोरली येईल ना सोबत, तुमचं बोलणं समजावून सांगायला. ओळख तुमची, तिची नव्हे." थोरलीला हरकत घ्यायला जागाच उरली नाही. ती चपला घालायला गेली तेव्हा भावजयीने मला पाणी दिलं आणि आवाज खाली आणला. "तिला जायचं असेल तर मी अडवणार नाही, ताई. शाळा, मैत्रिणी, सगळं मिळेल तिला तुमच्याकडे. पण ती नसताना मी या घरात कशी राहीन, ते मला खरंच माहीत नाही."

"राहशील. होते सवय," मी म्हटलं आणि गटागटा पाणी प्यायले. तिच्याकडे बघायचं टाळलं.

कोपऱ्यावर भाजीचं दुकान होतं. जाड चष्मा, निळा एप्रन आणि कपाळावर आठ्या असा एक म्हातारा आत पेपरात तोंड घालून बसलेला. मी एक टोमॅटो उचलून दाबून पाहिला. म्हातारा चष्म्यावरून खेकसला.

"हात लावू नका म्हणतोय," थोरली पुटपुटली.

"हात न लावता घ्यायचे कसे? विचार त्याला, हे टोमॅटो आहेत की विटा? आणि गिऱ्हाइकाशी असं बोलतात होय?"

थोरलीने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलली. म्हाताऱ्याच्या आठ्या मावळल्या. तो चक्क उठला आणि आतल्या खोक्यातून एकेक टोमॅटो निवडून पिशवीत टाकू लागला. मला संशय आला.

"काय सांगितलंस?"

"की माझी आत्या आजच लांबून आलीय. तिला भाजीतलं कळतं, पण इथली पद्धत माहीत नाही. तुम्हीच चांगले निवडून द्या."

"मी असं म्हटलं?"

"नाही. पण आई असंच म्हणाली असती."

तेवढ्यात तिची नजर त्याच्या पेपरावर गेली. बुद्धिबळाचं कोडं होतं. बापाने तिला बुद्धिबळ शिकवलंय. तिने घोड्यावर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने जोरात मान हलवली आणि हत्तीवर बोट ठेवलं. मग जी जुंपली दोघांची! तो हात नाचवतोय, ही टाचा उंचावून पेपर स्वतःकडे ओढतेय. मी पिशवी धरून उभी, माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. शेवटी म्हाताऱ्याने घोडा मान्य केला आणि थोरली खदखदून हसली. गेल्या महिन्याभरात फोनवर मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

निघताना त्याने काहीतरी विचारलं, ती पटकन उत्तरली. जिन्यापर्यंत आलो आणि ती पहिल्याच पायरीवर बसली.

"काय विचारलं गं त्याने?"

"उद्याचं कोडं सोडवायला येशील का, म्हणून. मी हो म्हटलं." तिचे डोळे भरून आले. "पण आत्या, आपण परवा जाणार ना? मग मी कशाला हो म्हटलं? आता हाही सोडावा लागणार!"

मी तिच्याशेजारी टेकले. एका दिवसाचीच तर ओळख, विसरशील, एवढं म्हटलं असतं तर पोर माझ्याबरोबर आली असती. ओठांवर आलंही होतं. रंगवलेली खोली डोळ्यांसमोर होती, आणि मला ती पोर हवी होती, फार हवी होती. पण तिचं हसणं अजून कानात होतं.

"उद्या जा त्याच्याकडे," मी म्हटलं. "परवाही जा. तेरवाही जा."

"आणि तू?"

"मी जाईन माझी माझी." तिने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही वर आलो.

"आई, मी जात नाहीये," थोरलीने दारातूनच सांगितलं. भावजय तिथंच फरशीवर बसली. तिला पोटाशी धरून रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. काय झालं ते न कळल्यामुळे धाकट्यानेही सूर लावला. मी टोमॅटो टेबलावर ठेवले आणि उगाच घसा खाकरला.

"चला, बरं झालं. मी आता जरा पडते. परवा निघायचंय मला."

भावजयीने डोळे पुसले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तुम्हाला जा कोण म्हणतंय, ताई? कोण बसलंय तिकडे वाट बघत?"

तोंडात मारल्यासारखं झालं मला. एवढं खरं कुणी तोंडावर बोलतं का? मी रागाने काही बोलणार, तोवर ती पुढे सुरूच होती. "व्हिसा तीन महिन्यांचा आहे, मी बघितलाय. पुढचं पुढे बघू. पोरांचं शुद्धलेखन बघवत नाही, माझ्याच्याने तर ते सुधारायचं नाही. तुमची जन्माची शिक्षकी मग काय कामाची? आणि मला बोलायला मराठी बाईमाणूस हवंय हो कुणीतरी." शेवटचं वाक्य बोलताना तिचा खणखणीत आवाज एवढासा झाला होता.

मी बाल्कनीत गेले, शेजारच्या काकूंना फोन लावला आणि सांगितलं, दूधवाल्याला म्हणावं, मी कळवेपर्यंत दूध टाकू नकोस.