दोन सुतळ्या अन् एक ओटा

हसू नका म्हणलं की तुम्ही आधी हसता, म्हणून मी म्हणतच नाई. घ्या, चहा घ्या. मीच केला हाय. अन् हा चहा मी काऊन करतो, तेच तर सांगून राह्यलो!

महाराष्ट्र नवा नवा होता, अन् आमच्या सुलतानपुरात जो तो काईतरी नवं करून राह्यला होता. मले आली स्वयंपाकघराची हुक्की. खरं सांगू? मले नाई, आमच्या घरच्या मंडळीले. बारा वर्षं चुलीपुढे बसून तिचे गुडघे गेले होते. उठताना भिंत धरे. तिची बहीण खामगावले राहे. तिच्याकडे उभ्यानं रांधाचा ओटा पाहून आली, अन् लग्नानंतर पहिल्यांदाच मले काई मागितलं.

"मले सोनं नको, लुगडं नको. तसा ओटा पाह्यजे."

अशा मागणीले कोण नाई म्हणेल? मी तेव्हाच अंगणात राखेनं रेघा मारल्या. इथं ओटा, इथं खिडकी, इथं माठ. ती रेघांच्या आत जाऊन उभी राह्यली, हवेतच भाकर थापून पाह्यली अन् म्हणे, "अहो, धूर तोंडावर येते. खिडकी इकडे घ्या."

धूर! राखेच्या रेघेतून! मी मुकाट्यानं खिडकी पुसली अन् इकडे काढली.

घोडं अडलं मापाशी. गवंडी म्हणजे आमचे सखाकाका, गावच्या नात्यानं तिचे सासरे. त्यांच्यापुढे उभं राहून ती कमरेचं माप देईल? पदर नाकापर्यंत, अन् बारा वर्षांत त्यांच्यापुढे एक शब्द नाई बोलली. मंग तिनंच तोड काढली. सुतळी घेतली, एक टोक पायाखाली दाबलं, कमरेपाशी गाठ मारली अन् माह्या हातात दिली.

"सांभाळून ठेवजा. एवढाच उंच पाह्यजे. बोटभर इकडे तिकडे नको."

"मी काय लहान लेकरू हाओ काय?" मी म्हणलं. हेच म्हणाचं नव्हतं!

कारण त्याच दिवशी मी आणखी एक सुतळी कापली. आमच्या चांद्या बैलाले एक खोड होती. गव्हाणीत पुढचे दोन्ही पाय घालून उभा राहे अन् सारा कडबा तुडवे. म्हणून काकांकडून गव्हाणही उंच बांधून घ्याची होती, पार त्याच्या गळ्यापर्यंत. त्याचंही माप सुतळीनं घेतलं, गाठ मारली. अन् दोन्ही सुतळ्या ठेवल्या कुठं? एकाच खिशात!

सकाळी काका आले. मी ऐटीत एक सुतळी काढली. "ही ओट्याची." दुसरी काढली. "ही गव्हाणीची."

काकांनी ओट्याची सुतळी भिंतीले लावली अन् पाहतच राह्यले. "अबे, हे लय वर जाते. सूनबाई एवढी उंच हाय काय?"

"काका, तुम्ही तिले कधी पाह्यलं काय?"

"राम राम! मी काऊन पाहू लेका?"

"मंग बांधा. खामगावले असेच असतात. नवी फॅशन हाय."

शहाणपणा पाहा माहा! खामगावचा ओटा मी बापजन्मात पाह्यला नव्हता. वरून घरात फर्मान काढलं, फरशी बसेपर्यंत तिकडे कोणी फिरकाचं नाई, ओटा एकदम पुरा झालेलाच दाखवीन. बिचारी तेवढे दिवस अंगणात तीन दगडांवर रांधत होती, अन् तरी गुणगुणत होती.

ओटा झाला, गव्हाण झाली. काका शेजारच्या बीबी गावाले दुसऱ्या कामावर गेले. मी खिडकीबाहेर जाऊन उभा राह्यलो, तिचा चेहरा पाहाले. ती आत आली, ओट्याले हळद-कुंकू वाह्यलं अन् नव्या चुलीपुढे उभी राह्यली. खोटं नाई सांगत, मले खिडकीतून नुसतं कपाळाचं कुंकू अन् दोन डोळे दिसले!

"अहो," आतून आवाज आला, "हा ओटा हाय का माळा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गोठ्यात धडाडधुम! धावलो दोघंही. चांद्या नव्याकोऱ्या गव्हाणीत पुढचे दोन्ही पाय घालून मजेत उभा. तिनं गव्हाणीच्या काठावर हात ठेवला. काठ बरोबर तिच्या कमरेशी. बोटभर इकडे नाई, तिकडे नाई.

"हे माहं माप," ती म्हणाली. अन् रडाले लागली हो.

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडली असती तर चाललं असतं. बाईनं बारा वर्षांत एक गोष्ट मागितली, अन् ती मी बैलाले देऊन बसलो!

"काका परत येईपर्यंत तू चुलीशी बसाचं नाई," मी म्हणलं. "मी रांधतो."

म्हणलं तर म्हणलं, आता मागं कसं हटणार? मी हा असा ताडमाड. उभा राह्यलो, तर काय सांगू, तो ओटा मले अस्सा बसला, जसा काई शिंप्यानं माप घेऊन शिवला! पहिली भाकर आपल्या जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. दुसरी तव्याले चिकटली. तिसरी तिनं खाल्ली. पाय लांब करून पाटावर बसे अन् मले शिकवे, "पीठ आणखी मळा." महिनाभरात माही भाकर फुगाले लागली, अन् ती भिंत न धरता उठाले लागली.

दिवाळीच्या आधी काका आले. ओट्यापुढे मले पीठ मळताना पाहून पोट धरून हसले. "सुतळ्या बदलल्या काय बे? चाल, हा फोडून खाली घेऊ."

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. बारा वर्षांत पहिल्यांदा काकांनी तो ऐकला.

"फोडू नका मामाजी. माहा दुसरा बांधा, खिडकीच्या अंगाले. या खेपेले माप मी सोता उभी राहून देते. अन् हा राहू द्या. बैलाच्या मापाचा बांधला होता, बैलाले बरोबर बसला."