आधी कोरं दाखव

"आधी कोरं दाखव!" चष्म्याच्या काडीने टेबलावर टकटक करत मॅडम म्हणायच्या. पनवेलच्या मंडईत मेथीची जुडी उलटी करून आधी देठ बघणाऱ्या एक बाई तुम्ही कधी पाहिल्या असतील, तर त्या आमच्या मॅडम.

आमच्या छोट्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या मावशी आपटा गावाहून यायच्या. त्यांचा नवरा भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या तापाने गेला. रिपोर्ट आला तेव्हा उशीर झाला होता. "ताप कसला ता कोनालाच समजला नाय," मावशी म्हणाल्या. त्या दिवसापासून पहिल्याच तापात लेप्टो ओळखणारी पट्टी बनवायचं मॅडमनी मनावर घेतलं.

त्यासाठी हवा होता अ‍ॅप्टामर, म्हणजे जंतूच्या प्रथिनाला नेमका चिकटणारा डीएनएचा तुकडा. प्रथिन बारीक मण्यांवर बसवायचं, त्यावर असंख्य तुकडे ओतायचे, चिकटतील ते ठेवायचे. पण त्याआधी सगळे तुकडे कोऱ्या, म्हणजे प्रथिन न बसवलेल्या मण्यांवरून न्यायचे आणि तिथेच चिकटणारे फेकून द्यायचे. "अगं, लग्न जमवतोय आपण. मांडवाच्याच प्रेमात पडलेले आधी बाहेर काढ."

मी अतिशहाणी. घाईत ही पायरीच गाळली. सहा महिन्यांनी मॅडमनी तपासलं, तर माझे निवडक तुकडे नुसत्या मण्यांनाच चिकटत होते.

दिवाळीनंतर मॅडम कायमच्या मुलीकडे इस्रायलला जाणार होत्या. त्याआधी त्यांना पट्टी बघायची होती, आणि ते मी घालवलं. मी रडत बसले. त्यांनी गोड पोह्यांच्या मलिद्याचा डबा पुढे सरकवला. "खा आधी. उपाशीपोटी रडू नये."

तिकीट त्यांनी एकदा पुढे ढकललं. दुसऱ्यांदा मुलीने ऐकलं नाही. जाताना मला म्हणाल्या, "घाई करू नकोस." मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता, कारण मला त्या हव्या होत्या.

मी सगळं पहिल्यापासून केलं, या वेळी कोऱ्या मण्यांसकट. परवा लेप्टोच्या एका रुग्णाचा साठवलेला नमुना टाकल्यावर पट्टीवर रेघ उमटली. मी लगेच व्हिडिओ कॉल लावला. शेजारी मावशी ओल्या हातांनी उभ्या.

"मॅडम, रेघ आली!"

"आधी कोरं दाखव."

मी निरोगी माणसाच्या नमुन्याची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली. पांढरीशुभ्र, एक डागही नाही. मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या.

मग रेघेची पट्टी वर केली, तर मावशी माझा दंड धरून म्हणाल्या, "थांब गो जरा. त्यांनी चष्मा काढलाय. डोले पुसतान त्या."